ब्रेसवाल्याला ड्रॉप नाही

मी भित्री बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी सारखी घाबरलेलीच दिसेन. ठाण्याच्या बँकेत काउंटरवर येऊन आरडाओरडा करणाऱ्यांना मी दोन मिनिटांत खुर्चीत बसवते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढला की सेक्रेटरी पाण्याची बाटली शोधायला लागतात. पण गेलं वर्षभर मला एका गोष्टीची भीती वाटत आली आहे, आणि ती गोष्ट म्हणजे माझा स्वतःचा उजवा गुडघा.

आम्ही दर रविवारी सकाळी डोंबिवलीत टेनिस खेळतो. आम्ही म्हणजे चौघं: मी, माझा नवरा, एक दादा आणि एक काका. कोर्ट दादांचं. त्यांच्या वडिलांची खाडीकडे भातशेती होती, मिठागरं होती. आता तिथे बिल्डिंगा आहेत. सगळं बिल्डरला देऊन झाल्यावर एक तुकडा दादांनी हट्टाने मागे ठेवला आणि त्यावर सिमेंटचं टेनिस कोर्ट बांधलं. का, तर त्यांना हौस. त्यांची बायको अजून म्हणते, की त्यात निदान भेंडी तरी झाली असती. काका विठ्ठलवाडीहून स्कूटरवर येतात. रेल्वेतून रिटायर झालेत, बोलणं एकदम शुद्ध आणि सर्व्हिस एकदम वाकडी. मी आणि काका एका बाजूला, दादा आणि नवरा समोर. नवरा-बायकोने एका बाजूने खेळायचं नाही हे पहिल्याच महिन्यात ठरलं, कारण त्या महिन्यात कोर्टावर आमची जी जुंपायची ती ऐकायला दादांच्या घरची माणसं गच्चीवर यायची.

कोर्टाला एक नियम आहे, दादांनी केलेला. काका पहिल्यापासून डाव्या गुडघ्याला ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, लावून खेळतात. एकदा नवऱ्याने त्यांना नेटपाशी आखूड बॉल टाकला, म्हणजे ड्रॉप, आणि काका धावता धावता धडपडले. दादा रॅकेट उगारून नवऱ्याच्या अंगावरच गेले. "माझ्या कोर्टावर आजाऱ्याला आखूड बॉल टाकाचा नाय! ब्रेसवाल्याला ड्रॉप नाय, सांगून ठेवतंय." तेव्हापासून काकांना सगळे बॉल हाताशी मिळतात, आणि काका ते मजेत मारतात. मला मात्र ही सवलत नव्हती, आणि नकोही होती. नवऱ्याच्या ड्रॉपवर धावणं हा माझा रविवारचा खरा आनंद होता. त्याचा हात फार हलका आहे. बॉल नेट ओलांडतो आणि तिथेच बसकण मारतो. तो उचलून मी परत टाकला की त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

तसाच एक ड्रॉप. मी धावले, पोचले, वळायला उजवा पाय रोवला. बूट सिमेंटला धरून बसला, अंग वळलं, गुडघा काही वळला नाही. आत टक् झालं. कानाने ऐकलं की पायाने, ते मला अजून सांगता येत नाही. मी खाली बसले. दुखत होतं, पण त्याहून वाईट म्हणजे तो पाय माझा वाटत नव्हता. आणि पलीकडून नवरा हसत म्हणाला, "नाटकं बंद, पॉइंट आमचा." मग त्याने माझा चेहरा बघितला आणि नेटवरून उडी मारून आला. त्या माणसाला मी त्याआधी कधी उडी मारताना बघितलेलं नव्हतं.

लिगामेंट तुटलं होतं. ठाण्यात ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा एक तुकडा काढून गुडघ्याच्या आत बसवला. डॉक्टर हे सगळं इतक्या सहज सांगत होते की मला वाटलं पायजम्याची नाडी बदलतायत. भेटायला माणसं आली, नारळपाणी आलं, सफरचंदं आली. आणि आल्यागेल्या प्रत्येकाला नवरा आपण होऊन सांगायचा, "माझ्यामुळे झालं. मीच टाकलेला बॉल." मला भयंकर राग यायचा. अरे, बॉल टाकलास, सुरी नाही मारलीस! पण तो काही थांबायचा नाही. चहाबरोबर बिस्किटं यावीत तसं ते वाक्य यायचंच.

वॉकर गेला, काठी गेली, मी बँकेत जायला लागले. लोकांना वाटलं, झाली बरी. भीती तिथून पुढे सुरू झाली. स्टेशनचा जिना उतरताना मला कठडा लागायचा, आणि कठड्याला कोणी टेकून फोनवर बोलत असेल तर त्याचा गळा धरावासा वाटायचा. शेअर रिक्षातून उतरताना आधी कुठला पाय, याचा मी घरापासून विचार करत यायची. न्हाणीघरात ओली फरशी दिसली की ती कोरडी पुसल्याशिवाय मी पाय टाकायची नाही. एकदा बँकेत मला हाक आली म्हणून मी झटकन मागे वळले, आणि वळल्यावर घाम फुटला. काही झालं नव्हतं. पण होऊ शकलं असतं ना! दिवसभर हेच डोक्यात. झोपेत कूस बदलतानासुद्धा मी उजव्या पायाला हाताने धरून बदलायची.

तरी मला खेळायचं होतं. हे घरात कोणाला कळेना. नवरा म्हणाला, "सोड ना आता. चालायला जा, पोहायला जा. वय काय आपलं?" मी म्हटलं, "तुझं सांग, माझं मला माहितेय." मी मुद्दाम चिडून बोलत होते, कारण खरं बोलले असते तर रडले असते. कोर्ट गेलं तर रविवार जाईल, आणि रविवार गेला तर मी म्हणजे फक्त बँक, कुकर आणि हा गुडघा, एवढंच उरेल असं मला वाटायचं.

शेवटी डॉक्टर खेळा म्हणाले. धावून दाखवलं, उड्या मारून दाखवल्या, त्यांनी दोन्ही पायांची ताकद तपासली. मी विचारलं, "ब्रेस लावू का?" ते म्हणाले, "धीर येत असेल तर लावा. पण लिगामेंट परत तुटणारच नाही अशी गॅरंटी तो पट्टा देत नाही आणि मीही देत नाही. खरा ब्रेस तुमच्या मांडीचा स्नायू." फिजिओ एक तरुण मुलगी आहे, माझ्याहून तिखट. ती म्हणाली, "सुरुवातीला लावा, मग सोडा. सवय लावून घेऊ नका, मॅडम." नवऱ्याने मात्र एकच धरलं. ब्रेस असेल तरच कोर्टावर पाय टाकायचा, नाहीतर तो गाडीची किल्लीच देणार नाही. त्यानेच कोपरीतल्या एका सर्जिकलच्या दुकानातून तो आणला. काळा, जाड, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गुडघ्याशी बिजागऱ्या आणि वेल्क्रोचे चार पट्टे. तो ओढला की खर्रकन आवाज व्हायचा आणि शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायचं.

पहिल्या रविवारी मी तो बांधून कोर्टावर गेले. दादांनी पाहिलं आणि हात जोडले. "आली माझी वयनी! कनाला भ्यातेस? हलू हलू खेल." दादा सगळ्या जगाला अरे-तुरे करतात, त्यात माया असते. खेळ सुरू झाला. पहिला बॉल माझ्या फोरहँडवर अलगद आला. दुसराही. तिसराही. मी दोन पावलंही हलले नाही आणि रॅलीवर रॅली मारत गेले. दादांचा एरवी दगडासारखा येणारा बॉल कापसासारखा यायला लागला. नवरा तर बॉल मारण्याआधी मी कुठे उभी आहे ते बघून घ्यायचा. आम्ही सेट जिंकलो. काकांनी माझ्याशी हात मिळवला. मग आत जाऊन सगळ्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, आणि मी बरी झाले असं जाहीर झालं.

गाडीत मी नवऱ्यावर भडकले. "पोह्यांची बशी पुढे करावी तसे बॉल देत होतात मला! लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "ब्रेसवाल्याला ड्रॉप नाही. नियम आहे." मी त्यावर अजून ओरडले. पण आतली गोष्ट अशी, की मला हायसं वाटलं होतं. इतकं हायसं, की मी ते स्वतःलाही कळू दिलं नाही. कोणी मला पळवणार नव्हतं. त्या काळ्या पट्ट्याच्या आत मी सुखरूप होते, आणि बाहेरून टेनिस खेळल्यासारखंही दिसत होतं.

मग तो ब्रेस सुटेना. फिजिओने सोडायला सांगितला त्याला बरेच दिवस उलटले, तरी मी दर रविवारी खर्रकन बांधायचीच. पुढे बाजारात जाताना बांधायला लागले. मग घरात फरशी पुसलेली असली की घरातही. फिजिओच्या खोलीत ब्रेस न लावता मी धावायची, थांबायची, वळायची, तिने टाकलेला बॉल झेलायची; सगळं व्यवस्थित. ती म्हणाली, "पाय तयार आहे. आता हा पट्टा गुडघ्याला बांधताय की डोक्याला?" मी म्हटलं, "तुझा गुडघा तुटला की बोलू आपण." ती हसली. मी घरी येऊन ब्रेस बांधला आणि कुकर लावला. आधी गुडघ्याची भीती होती, आता ब्रेस नसेल तर काय याची. एक गेली नव्हती आणि दुसरी येऊन बसली होती.

एका रविवारी आम्ही दोघं आणि काका लवकर पोचलो. बाकावर बसून मी आणि काका शेजारी शेजारी आपापले ब्रेस बांधत होतो. तो देखावा मला फार झोंबला. मी सहज विचारलं, "काका, तुमचं नक्की काय झालेलं हो?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. नवरा आणि दादा लांब नेट ताणत होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "अगं, गुडघा मुरगळला होता जिन्यावर. चारसहा महिन्यांत बराही झाला. त्याला आता किती वर्षं झाली, मलाच आठवत नाही."

"मग हे काय?" मी त्यांच्या गुडघ्याकडे बोट केलं.

"तेव्हा लावलेला होता म्हणून त्या दिवशी तुझ्या नवऱ्याला ओरडा बसला ना. मग काढावासा वाटेना. बॉल हातात येतात, पॉइंट मिळतात, कोणी हसत नाही." काका हसले, पण त्यांच्या तोंडावर हसू काही बसलं नाही. "मग एकदा वाटलं, पुरे झालं, काढू. घरी कोणी नसताना काढून अंगणात थोडं धावून पाहिलं. आणि खरं सांगतो, मला धावताच येईना. गुडघा ठणठणीत आहे गं. मीच कुठे गेलो कळेना." त्यांनी शेवटचा पट्टा दाबून बसवला. "दादांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

मला हसायला यायला हवं होतं. सगळं कोर्ट इतकी वर्षं एका ठणठणीत गुडघ्याला जपत होतं, आणि दादा त्यासाठी माझ्या नवऱ्याच्या अंगावर धावून गेले होते! दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मी बँकेत महिनाभर सांगत फिरले असते. पण मला थंडी भरल्यासारखं झालं. मी माझ्या पायाकडे पाहिलं, काकांच्या पायाकडे पाहिलं. एक डावा, एक उजवा. त्या दिवशी मी एकही बॉल धड मारला नाही. समोरून सगळे बॉल हाताशी येत होते आणि मला त्यातला प्रत्येक बॉल भिववत होता.

शनिवारी संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "उद्या ब्रेस नाही."

तो पेपर वाचत होता. पेपर खाली ठेवला. "डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. फिजिओलाही विचारलं. दोघं म्हणतात पाय तयार आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज काही ठीक नव्हता.

"आणि तू ड्रॉप टाकायचास."

"मी नाही."

"दुसरं कोण टाकणार? दादा मेले तरी टाकणार नाहीत. तू टाकला नाहीस तर मी कधीच धावणार नाही. मला माहितेय मी. मी गोड बोलून मागे उभी राहीन आणि तशीच म्हातारी होईन."

"हो ना म्हातारी!" तो एकदम ओरडला. तो कधी ओरडत नाही, ओरडण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. "हो म्हातारी, पण दोन पायांवर हो. तुला आवाज आला असेल आतून, मला तुझा चेहरा दिसलेला. आणि मी काय म्हणालो? नाटकं बंद म्हणालो. मी नाही टाकणार. कोणाकडून तरी घे, माझ्याकडून नको." तो उठून गॅलरीत गेला. मी मागे गेले नाही. त्याचं सगळं खरं होतं आणि तरी मला ते नको होतं.

रविवारी मी हाफ पँट घालून गेले. गुडघा उघडा. ऑपरेशनची खूण अजून गुलाबी होती. ब्रेस घरीच राहू दिला, कारण गाडीत असता तर मी तो बांधला असता. दादांनी खूण पाहिली आणि बॉलचा डबा स्वतः आणून माझ्या हातात दिला. काकांनी पाहिली आणि नजर वळवली. वारा खाडीकडून येत होता. मी बेसलाइनवर उभी राहिले आणि माझे गुडघे, दोन्ही, बरा आणि दुरुस्त केलेला, सारखेच थरथरत होते.

नियमाप्रमाणे आता काहीही टाकायची मुभा होती. पण कोणी टाकेना. दादा लांब लांब मारत होते, अगदी माझ्या रॅकेटवर. नवरा माझ्याकडे मारतच नव्हता, सगळे बॉल काकांकडे. काका बिचारे धापा टाकायला लागले. मी प्रत्येक बॉलला श्वास धरायची आणि तो हाताशी आला की सोडायची. अर्धा सेट असा गेला. मग काय झालं, तर मला बरं वाटायला लागलं. वाटलं, आज नको. ब्रेस काढला हेच खूप झालं, ड्रॉप पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं आणि तरी मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, आज नको रे, आज नको.

मी बहुतेक तेव्हाच दोन पावलं मागे सरकले. बेसलाइनच्याही मागे, जाळीच्या कुंपणाजवळ. तिथून आखूड बॉल उचलणं शक्यच नाही, म्हणून. नवऱ्याने ते पाहिलं. इतकी वर्षं माझ्यासमोर उभा आहे, माझं पाऊल का मागे पडलं हे त्याला न कळायला काय झालं? त्याने रॅकेट मागे नेली, लांब मारणार असं वाटलं, आणि मग त्याचा तो हात हलका झाला.

बॉल वर उठला आणि मला सगळं कळलं. मेल्या, म्हटलं मी, मोठ्याने. आणि धावले. धावायचं ठरवलं नव्हतं. पायांनी मला न विचारता सुरुवात केली, आणि अर्ध्या वाटेत मला विचार आला, आता थांबावं लागेल, आता वळावं लागेल, आता तो पाय रोवावा लागेल. इतकी भीती मला टेबलावर भूल देतानाही वाटली नव्हती. मागे काका "अगं अगं" करत होते. बॉलचा टप्पा पडला, दुसरा पडायच्या आत मी रॅकेट खाली घातली, उजवा पाय रोवला, आणि वळले.

बॉल रॅकेटच्या कडेला लागून वर उडाला आणि पलीकडे नवऱ्याच्या अगदी पुढ्यात पडला. इतका सोपा, की दादांच्या बायकोनेसुद्धा लाटण्याने मारला असता. तो नेटपाशीच उभा होता, रॅकेट छातीशी धरून. बॉल एकदा उडाला. तो हलला नाही.

"अरं मार ना!" दादा ओरडले.

बॉल दुसऱ्यांदा उडाला आणि घरंगळत कुंपणाकडे गेला. मी नेटची पट्टी धरून उभी होते, धापा टाकत, त्याच्यापासून हातभर अंतरावर. तेव्हा मला दिसलं की त्याने डोळे गच्च मिटून घेतलेत. बॉल टाकल्यापासून तो तसाच उभा होता. त्याने काही पाहिलंच नव्हतं.

"पडलीस का?" त्याने तसंच विचारलं.

"उघड डोळे," मी म्हटलं. "उभी आहे मी."